कुंपणावर नसलेलं नाव

गेलेन लीमनबद्दल वाईट बोलणारं माणूस आमच्या गावात शोधून सापडायचं नाही. कुणीतरी ते काम करायला हवं, म्हणून मी करतो. मी व्हर्न स्टुकी. ओहायोत, चारी बाजूंनी मक्याची शेतं असलेल्या या गावात माझं सायलेन्सर बसवायचं दुकान आहे आणि गेलेन माझा शेजारी आहे. शाळेत एका वर्गात होतो, एकाच उन्हाळ्यात गाडी चालवायला शिकलो. आता आमच्या दोघांच्या परसांमध्ये फक्त लायलॅकच्या झुडपांची एक रांग आहे. ती अजून थोडी उंच असती तर बरं झालं असतं.

गेलेन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. उंच, जरासा वाकलेला, बोलायच्या आधी चष्मा पुसणारा माणूस. ऑगस्टमध्ये परसातला गोड मका तोडतो आणि सकाळी लोकांच्या पायऱ्यांवर पिशव्या ठेवून निघून जातो. आभार मानायलाही सापडत नाही. माझ्याही पायरीवर ठेवतो. मका उत्तम असतो, त्याचाही मला राग येतो. माझी बायको लोरेटा तो मका खाताना एकच गोष्ट बोलते: "आर्डिस नशीबवान आहे हो." आर्डिस म्हणजे गेलेनची बायको. मी कणसाला लोणी लावतो.

पण माझं खरं दुखणं मका नाही. माझं दुखणं त्याची गाडी आहे.

आम्हा दोघांकडेही जुन्या मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्या आहेत. माझी नारिंगी, त्याची फिक्या हिरव्या रंगाची, नजरेत न भरणारी. दोघींच्या इंजिनावर सुपरचार्जर बसवलेला. म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक दांडगा पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो. जितकी हवा जास्त तितकं पेट्रोल जास्त जाळता येतं आणि तितकी ताकद जास्त. ती अजून वाढवायची सोपी युक्ती आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे: पंख्यावरची पुली काढायची, तिच्यापेक्षा लहान बसवायची. पंखा जास्त जोरात फिरतो. दुपारच्या जेवणाआधी काम होतं आणि दुपारनंतर गाडीत भूत शिरलेलं असतं.

मग शनिवारी ते भूत घेऊन आम्ही गावाबाहेरच्या पाव मैलाच्या शर्यतपट्टीवर जातो आणि तिथे काहीतरी मोडतं. कारण इंजिनाने तयार केलेली ताकद क्लच, गिअरबॉक्स, गाडीखालचा लांब शाफ्ट आणि मागची चाकं फिरवणारे दांडे म्हणजे अ‍ॅक्सल यांच्यातून चाकांपर्यंत जायची असते. हे सगळं गाडीच्या कारखान्याने जुन्या, साध्या ताकदीच्या हिशोबाने बनवलेलं. रस्त्यावर टायर घसरतात म्हणून ते वाचतं. पट्टीवर मात्र सुरुवातीच्या जागी डिंकासारखा चिकट फवारा मारलेला असतो. टायर तिथे घट्ट धरून बसतात आणि मग ज्याचा जीव सगळ्यात लहान तो भाग जातो.

आणि जे जातं ते कुंपणावर लटकतं. हा डॉटीचा नियम. पट्टी डॉटीची, लाउडस्पीकरवर आवाजही तिचाच. गाड्या उभ्या राहतात त्याच्या मागे लोखंडी जाळीचं कुंपण आहे. ज्याचा भाग मोडला त्याने त्याच दिवशी तो तारेने त्यावर बांधायचा. डॉटी ब्रश घेऊन येते आणि पांढऱ्या रंगात मालकाचं नाव लिहिते. लोक टाळ्या वाजवतात. वारा सुटला की सगळं कुंपण खणखणतं. कोपऱ्यातल्या एका भागाला लोक आता 'व्हर्नचं कपाट' म्हणतात.

गेलेनचं नाव त्या कुंपणावर नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

तो उलट्या बाजूने काम करतो. आधी मागचे अ‍ॅक्सल बदलले, जाडजूड आणले. त्यात त्याचा एक हिवाळा गेला. पुढच्या हिवाळ्यात मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलचे गिअर. मग शाफ्ट, मग गिअरबॉक्स, मग क्लच. क्लच तर त्याने असा लावला की गाडी सुटताना तो क्षणभर घसरेल आणि मगच घट्ट पकडेल, म्हणजे धक्का एकदम बसायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये पेट्रोल पेटवणारी ठिणगी जरा उशिरा पडेल अशीही व्यवस्था केली, म्हणजे गाडी जागेवरून हलेपर्यंत इंजिन पूर्ण जोर लावणार नाही. मग पेट्रोलचा मोठा पंप. लहान पुली त्याने पहिल्याच वर्षी आणून ठेवली होती, पण ती स्वयंपाकघराच्या खिडकीत पडून होती. आर्डिसने तिच्यावर पार्सलीची कुंडी ठेवली होती.

"अरे, बसव की ती पुली!" मी त्याला दर वसंतात म्हणायचो. "कुंडीला बशी आणून देतो मी."

"मागचं झालं की बसवू," तो म्हणायचा. "घाई कसली, व्हर्न?"

घाई कसली! मी नारिंगी गाडी घेऊन पट्टीवर त्याला हरवायचो, हे खरं आहे. ज्या शनिवारी माझी गाडी धड असायची त्या शनिवारी. पण त्याच्या गाडीखाली शिरायची पाळी त्याच्यावर कधी यायची नाही. तो घडीच्या खुर्चीत बसून तळलेल्या बलोनी सॉसेजचं सँडविच खात माझ्याकडे बघायचा. हसायचा नाही. हसला असता तर मी सुखाने झोपलो असतो. उलट उठून यायचा आणि म्हणायचा, "जॅक धरू का?"

मला त्याचं वाईट व्हायला नको होतं. मला फक्त एक तुकडा हवा होता. एखादा अ‍ॅक्सल, गिअरचा एखादा दात, काहीही चाललं असतं. पांढऱ्या रंगात 'गेलेन लीमन' लिहिलेलं आणि वाऱ्यावर माझ्या कपाटाशेजारी खणखणणारं. त्यासाठी मी दर शनिवारी देव पाण्यात घालून बसायचो.

या सप्टेंबरात आर्डिसची कुंडी जमिनीवर आली. लायलॅकमधून मला ती दिसली. पुली बसली होती. आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. त्याची गाडी माझ्यापुढे जाणार आणि धडही राहणार, किंवा एकदाची मोडणार.

तिसरीच गोष्ट झाली. हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आला म्हणून गेलेन झाडावरचं मचाण दुरुस्त करायला चढला आणि मचाणासकट खाली आला. खांद्याचं हाड मोडलं. हात झोळीत. मी भेटायला गेलो तेव्हा लोरेटाने भाजलेला अ‍ॅपल पाय माझ्या हातात होता आणि मनात काय होतं ते सांगत नाही.

"मोडलं एकदाचं काहीतरी तुझं," मी म्हणालो.

"हो ना," तो म्हणाला. "पण हे डॉटी कुंपणावर लावायची नाही." मग त्याने चष्मा काढला आणि एका हाताने पुसायला लागला. "व्हर्न, शनिवारी पट्टीचा या वर्षीचा शेवटचा दिवस आहे. माझी गाडी तू चालवतोस?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पुली बसवल्यावर ती पट्टीवर गेलीच नाही," तो म्हणाला. "आता नाही गेली तर सगळा हिवाळा मी गॅरेजमध्ये बसून राहणार. कुठे कच्चं राहिलंय ते कळलं तर त्यावर काम करता येईल."

"लॉनीला सांग. सख्खा भाऊ आहे तुझा."

"नको. तू चालव."

"कशी चालवू?"

"तुला हवी तशी," गेलेन म्हणाला आणि अ‍ॅपल पायचा तुकडा तोंडात टाकला.

घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. माणूस इतका भाबडा असावा? ज्याच्या डोळ्यांत ती गाडी वर्षानुवर्षं खुपतेय त्याच्याच हातात किल्ली! लोरेटाने विचारलं, "काय रे, एवढा खूश?" मी म्हटलं, शेजारधर्म.

शनिवारी ऊन स्वच्छ होतं आणि पट्टी कोरडी, चिकट, हवी तशी. दुपारी मी त्या हिरव्या गाडीत बसलो. आत सगळं नीटनेटकं, एक तारसुद्धा लोंबत नव्हती. त्यानेच माझं टाळकं सरकलं. गेलेन झोळीतला हात सांभाळत जाळीपाशी उभा होता. त्याने दुसरा हात वर केला.

मागचे टायर जागेवरच फिरवून मी गरम केले, धूर होईपर्यंत. मग सुरुवातीच्या रेषेवर गाडी आणली. माझ्या स्वतःच्या गाडीत मी इथे जरा हात राखतो. खोटं कशाला बोलू, अ‍ॅक्सलची भीती असते. आज कसली भीती? माझं काय जाणार होतं? इंजिन वरच्या टोकापर्यंत ओरडू दिलं. दिव्यांचा खांब हिरवा झाला आणि मी क्लचवरून पाय असा सोडला की जणू पायाखाली साप आला.

काहीतरी तडकायला हवं होतं. मी तो आवाज ओळखतो, मला त्याची सवय आहे. मी कान देऊन बसलो होतो.

गाडी निघून गेली. कसं सांगू? क्लच क्षणभर घसरला, मग त्याने धरलं आणि पाठ सीटमध्ये रुतली. दुसरा गिअर मी पेट्रोलवरचा पाय न उचलता दाणकन मारला. आता तरी मोड! तिसराही तसाच. मी शिव्या देत होतो, गाडीला, गेलेनला, त्याच्या मक्याला. गाडी सरळ रेषेत पळत राहिली आणि पाव मैल संपला.

परत येताना लाउडस्पीकर खरखरला. "लोकहो, जागचे हलू नका!" डॉटी ओरडली. "या वर्षीची आपल्या पट्टीवरची सगळ्यात वेगवान गाडी! गेलेन लीमन!"

गाडी ज्याची, नाव त्याचं. हाही डॉटीचाच नियम. माझ्या आयुष्यात पाव मैल एवढ्या कमी वेळात मी कधी पार केला नव्हता, आणि माणसं उठून गेलेनची पाठ थोपटत होती, दुखरा खांदा चुकवून. मी गाडीतून उतरलो तेव्हा तो आधी गाडीखाली वाकून बघत होता. मग माझ्याकडे आला.

"कुठे काही आवाज?"

"नाही," मी म्हणालो. हा शब्द उच्चारणं मला फार जड गेलं.

"छान चालवलीस," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक माझ्या नारिंगी गाडीत जाऊन बसलो. आता दाखवतोच, म्हटलं. डॉटीला हात केला, रेषेवर आलो आणि हिरवी गाडी जशी सोडली तशीच माझी सोडली. पाय तसाच उचलला, इंजिन तितकंच ओरडत होतं.

तो आवाज आला. माझ्या सवयीचा. गाडी जागेवर बसली आणि इंजिन रिकामं भुंकत राहिलं. जाळीपलीकडून कुणीतरी टाळ्यांना सुरुवात केली.

अ‍ॅक्सल काढेपर्यंत ऊन कलतं झालं. गेलेनने विचारल्यावाचून एका हाताने जॅक धरला. मग मी मोडका तुकडा खांद्यावर टाकून कुंपणाकडे निघालो आणि तोही माझ्या बाजूने चालत आला. डॉटी रंगाचा डबा आणायला गेली होती. माझ्या कपाटात जागा उरली नव्हती, म्हणून आम्ही शेजारी सरकलो.

"व्हर्न," तो म्हणाला, "तुला एक सांगू? लॉनीने गाडी जपून चालवली असती. भावाची गाडी म्हणून. बाकीच्यांनीही जपली असती. मी स्वतःही जपूनच चालवतो, माझा पायच पडत नाही जोरात. जपून चालवली असती तर काय कळलं असतं? मला ती तोडायला बघणारा माणूस हवा होता."

मी तारेचा पीळ सोडवायला लागलो.

"आणि या गावात," गेलेन म्हणाला, "तुझ्याइतकं मनापासून कोण बघणार होतं?"

तो चेष्टा करत नव्हता. रागही नव्हता. चष्म्याआडून तो माझ्याकडे तसाच बघत होता, जसा मका ठेवून जाताना बघत असेल. त्याला माहीत होतं. सगळी वर्षं माहीत होतं आणि त्याने माझा जळफळाटसुद्धा एखाद्या अवजारासारखा वापरून, पुसून, जागच्या जागी ठेवला होता.

दर शनिवारी मी एका आशेवर पट्टीवर यायचो. ती गाडी आज ना उद्या मोडेल. गावातल्या इतरांना अजून तसं वाटू शकतं. मला नाही वाटू शकत, कारण मी माझं सगळं बळ लावून पाहिलं आहे.

गेलेनने धड हाताने माझा अ‍ॅक्सल उचलून जाळीला टेकवून धरला.

"बांध," तो म्हणाला. "घट्ट बांध, वाऱ्याने पडेल."

मी बांधला.