वेळेवर येणाऱ्या खासदारबाई

"खासदार आणि वेळेवर? विजयाताई, तुम्ही पण ना!" मंडळाचे अध्यक्ष चारुदत्त दिघे मोठ्याने हसले. पत्रिकेत सातची वेळ छापली आहे, म्हणजे बाई आठला उगवणार, तोवर आपण आरती करून घेऊ, असा त्यांचा हिशोब. दिघ्यांचं आयुष्य बँकेत गेलेलं, पुढाऱ्यांची वाट बघून बघून पाय दुखलेले. त्यांचा अनुभव काही खोटा नव्हता. तो फक्त सुचित्रा हालदारांना लागू नव्हता, आणि ते त्या हॉलमध्ये एकट्या विजयाताईंना ठाऊक होतं.

बंगाली मुलखातलं हे मराठी मंडळ तसं मूठभर माणसांचं. कुणी कस्टम्समधले, कुणी फोर्ट विल्यमला लष्करात, नवी पिढी सॉल्ट लेकच्या आयटी ऑफिसांत. बदल्या होतात, माणसं जातात, गणपती तेवढा जागेवर राहतो. यंदा जाणाऱ्यांमध्ये विजयाताई आणि त्यांचा नवरा उदय होते. उदय पोर्टातून निवृत्त झालेला, पुण्यातला फ्लॅट रंगवून तयार, दिवाळी झाली की सामान हलणार. म्हणून विजयाताईंनी मंडळाकडे एकच गोष्ट मागितली होती : प्रमुख पाहुण्यांचा परिचय मी करून देणार. परिचय म्हटलं की एरवी सगळे छताकडे बघतात, त्यामुळे कुणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

त्यांना परिचय नव्हता करून द्यायचा, आभार मानायचे होते. ते राहून गेले होते, आणि ते न मानता हे गाव सोडायचं म्हणजे जेवून उठताना यजमानाकडे पाठ फिरवण्यासारखं होतं.

उदयची इथे खिदिरपूरच्या गोदीत पहिल्यांदा बदली झाली तेव्हाची गोष्ट. लेक भाग्यश्री सहा वर्षांची. शेजारपाजार अनोळखी, बंगाली ओ की ठो येत नव्हतं, आणि दुर्गापूजेच्या आधीच उदयला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स झरझर उतरल्या. हॉस्पिटलवाले म्हणाले, रक्तदाते आणा. कुठून आणायचे? आपली माणसं दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर. विजयाताई व्हरांड्यात पोरीला पोटाशी धरून बसल्या, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेवढ्यात सुती साडीतली एक किडकिडीत बाई समोर उभी राहिली. गल्लीतल्या क्लबचं रक्तदान शिबिर भरवणारी, वॉर्डातून नुकतीच नगरसेविका म्हणून निवडून आलेली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "सहा वाजता माझी मुलं येतील. या छोटीला मी घरी नेते. तुम्ही इथेच बसा."

विजयाताईंनी मनात म्हटलं, आली मोठी. पण सहाला क्लबची पाच दांडगी पोरं बाह्या सरसावत दारात हजर झाली, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. उदय वाचला. भाग्यश्री आठवडाभर हालदारांच्या घरी राहिली आणि गुबगुबीत होऊन परत आली. त्या धांदलीत आपण त्या बाईला साधं थँक्यू तरी म्हटलं का, हे विजयाताईंना कितीही आठवलं तरी आठवत नाही. पुढे दोनच महिन्यांत उदयची बदली विशाखापट्टणमला झाली. परत आले तोवर सुचित्रादी खासदार झाल्या होत्या. काहीही काम नसताना खासदाराच्या दारात जाऊन उभं कसं राहायचं? उद्या जाऊ, परवा जाऊ करत वर्षं गेली.

मात्र लांबून सगळं कानावर येत होतं. खिदिरपूरच्या मासळी बाजारात उभं राहिलं की सुचित्रादींचं चरित्र फुकटात ऐकायला मिळतं. त्यांचे वडील गोदीत क्रेन चालवायचे. भोंगा वाजून फाटक बंद झालं की त्या दिवसाचा रोज गेला, त्यामुळे त्या घरात उशीर हा शब्दच नव्हता. वडील लवकर गेले. थोरल्या लेकीने शिकवण्या घेतल्या, मग प्राथमिक शाळेत नोकरी धरली, धाकट्यांची लग्नं लावली, स्वतःचं राहून गेलं. गल्लीत नळ एकच होता. त्यावरून रोज डोकी फुटायची. मास्तरीणबाईंनी आधी नळासाठी अर्ज केले, मग वर्गातल्या मुलांच्या आया घेऊन पालिकेत ठाण मांडलं, आणि पाणी आल्यावर लोकांनी त्यांनाच निवडणुकीला उभं केलं. खासदार झाल्यावर त्यांनी बंद पडलेल्या गोदामात डायलिसिस केंद्र काढलं, बसस्टँडवर बायकांसाठी धड दार लागणारी स्वच्छतागृहं बांधली. दिल्लीत काय बोलल्या ते कुणाला फारसं माहीत नाही. पण स्वच्छतागृहाचं दार नीट लागतं, हे बाजारातली प्रत्येक कोळीण सांगते.

तर, दिघ्यांनी आरती सुरू करायला लावली. टाळ विजयाताईंच्या हातात, कारण सगळ्या आरत्या त्यांनाच पाठ. मराठी माणसाची आरती एकदा सुरू झाली की मंत्रपुष्पांजलीपर्यंत थांबवता येत नाही, छप्पर कोसळलं तरी नाही. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची निम्म्यावर आली आणि सातच्या ठोक्याला सुचित्रा हालदार दारात!

दिघ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे जाऊन स्वागत करावं तर हातात पेटतं निरांजन, थांबावं तर देव कोपेल. ते डोळ्यांनी विजयाताईंना 'आटपा, आटपा' करत होते. विजयाताईंनी चाल जमेल तेवढी पळवली, पण विठोबाला गाळायची त्यांची छाती होईना. सुचित्रादी चपला काढून शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिल्या.

आरती संपली तेव्हा त्यांच्या हातात पाचच मिनिटं उरली होती. पुढे आणखी तीन मंडप होते. "परिचय राहू दे, त्यांना कोण ओळखत नाही?" दिघे कुजबुजले. शाल, श्रीफळ, टाळ्या. विजयाताई आयुष्यात पहिल्यांदा उद्धटासारख्या वागल्या, सरळ माइक ओढून घेतला. पाठ केलेलं सगळं विसरल्या. "दीदी, माझा नवरा आजारी होता, तुम्ही रक्त दिलंत, क्लबची मुलं..." हिंदी अडखळली, आणि तेवढ्यात दिघ्यांनी "वेळेअभावी" म्हणत माइक हळूच काढून घेतला.

सुचित्रादी जवळ आल्या. त्यांनी विजयाताईंचा हात हातात घेतला. "मला आठवत नाही हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "त्या वर्षी डेंग्यू फार होता. किती घरं झाली. ते बरे आहेत ना?" मागे उभ्या उदयने हात जोडले. त्या हसल्या आणि निघाल्या.

विजयाताईंना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलायचं? इतकी वर्षं ज्या गोष्टीला देवासारखं जपलं, ती समोरच्याच्या लेखी झालीच नव्हती. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. किती घरांना हात दिला असेल, तेव्हा एक घर विसरायला होईल!

दारात भाग्यश्री उभी होती, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधून धावतपळत आलेली, गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड. पाहुण्यांना मोदकांचा डबा द्यायचं काम तिच्याकडे होतं. "एक मिनिट, यावर तूप घालायचं राहिलं," ती अस्सल बंगालीत म्हणाली आणि तुपाची वाटी शोधायला लागली. तिचं मराठी लंगडतं, बंगाली मात्र पाण्यासारखं वाहतं.

सुचित्रादी थबकल्या. तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला.

"ओ मा! तूच ना ती? तुपाशिवाय वरणभाताला हात न लावणारी? माशाचा वास आला की दाराआड जाऊन बसायचीस!"

भाग्यश्रीने मान हलवली. तिचे डोळे भरून आले. "तुमच्या आईने मला बंगाली शिकवलं," ती म्हणाली. "पहिला शब्द तुपाचाच. घी."

"आई दोन वर्षांपूर्वी गेली." सुचित्रादींचा आवाज बारीक झाला. "शेवटपर्यंत विचारायची, आपली तुपवाली कुठे असेल ग? जेवत असेल ना नीट? मी कुठे शोधणार होते तुला? तुझं खरं नावसुद्धा आम्हाला नीट म्हणता येत नव्हतं."

विजयाताई मागून येऊन हे ऐकत होत्या. आभाराचे शब्द आता तोंडाशी आले होते, पण ते फार लहान वाटायला लागले. त्यांनी भाग्यश्रीच्या हातातून तुपाची वाटी घेतली आणि मोदक फोडून त्यावर सढळ हाताने तूप ओतलं.

"दीदी, बसून खा," त्या म्हणाल्या. "गरम आहे."

सुचित्रादींचा सहायक घड्याळ दाखवत पुढे आला. "मॅडम, पुढच्या मंडपात सगळे वाट बघतायत."

"बघू दे," सुचित्रादी म्हणाल्या, आणि हॉलच्या पायरीवर भाग्यश्रीला शेजारी घेऊन बसल्या. गोदीच्या भोंग्यावर वाढलेली ही बाई त्या दिवशी पुढच्या तिन्ही मंडपांत उशिरा पोहोचली.