पिचरच्या खांद्यावरची शाल

सिंगापूरमध्ये सेंगकांगला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका कॉम्प्युटरवर बेसबॉलची लीग चालवतात. संघ आम्हा शेजाऱ्यांचे, खेळाडू सगळे काल्पनिक, आणि सामने कॉम्प्युटर आपला आपणच खेळतो. अर्धा हंगाम संपला की खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये बक्षीस समारंभ होतो, शाल-नारळासकट. शाल एकच आहे. फोटो झाला की काका ती खांद्यावरून ओढून घेतात. "पुढचे सत्कारमूर्ती खोळंबलेत." माझा संघ कायम तळाला, त्यामुळे मला उत्तेजनार्थ.

यंदाचा सर्वोत्कृष्ट पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, काकांच्याच संघातला निघाला, पण गेल्याच सामन्यात त्याचा खांदा दुखावला होता. नाव पुकारताना काकांचा आवाज जड झाला.

"काका, लीग तुमचीच आहे. एक बटण दाबा, होईल बरा," मी म्हणालो.

"असं कसं? डॉक्टरांनी दीड महिना विश्रांती सांगितली आहे."

डॉक्टरही कॉम्प्युटरमधलाच.

काकांनी लॅपटॉपला शाल पांघरली, पुढे नारळ ठेवला आणि मला फोटो काढायला लावला.

परतताना एलआरटी ट्रेनमध्ये लॅपटॉप त्यांच्या मांडीवर होता. शाल काढलेली नव्हती. मी बघतोय हे लक्षात आल्यावर ती जरा सारखी करत म्हणाले, "एसी फार असतो रे इथे."