ते शिपाई कोणाचे होते?

इकडे आखातात, खलिफा सिटीत, आमच्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर एक हंगेरियन बाई राहते. पन्नाशी ओलांडलेली, फिजिओथेरपिस्ट. माझा धरलेला खांदा तिनेच मोकळा केला, तेव्हापासूनची ओळख. एका शनिवारी दुपारी तिने मला, माझ्या लेकीला आणि शेजारच्या तुर्की मैत्रिणीला तिच्या लहानपणचा एक सिनेमा बघायला बोलावलं.

खाली इंग्रजी सबटायटल्स होती. नदीकाठचं गाव. तुर्की शिपाई येतात, धान्य नेतात, पोरं पळवतात. गावकरी दलदलीत जाऊन लपतात. मग एका वादळात ते शिंगं असलेले लाकडी मुखवटे आणि मेंढीची कातडी घालून, घंटा बडवत होड्यांतून परत येतात. शिपायांना वाटतं भुतंच आली, आणि ते पळत सुटतात. आमच्या जव्हारकडे बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे घातलेली सोंगं अशीच अंगावर यायची. मी नकळत पाय सोफ्यावर घेतले.

पण माझं अर्धं लक्ष तुर्की मैत्रिणीकडे होतं. ती शांतपणे सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. शिपाई पळाले तशा हंगेरियन बाईने टाळ्या पिटल्या. मीही हात उचलले आणि तसेच मांडीवर ठेवून दिले.

"आई, स्टॉप स्टेअरिंग ॲट हर," लेक कुजबुजली.

सिनेमा संपल्यावर मला राहवेना. "तू मनाला लावून घेऊ नकोस हं," मी तुर्की मैत्रिणीला म्हटलं.

"मी कुठे लावून घेतलंय? तूच मघापासून माझ्याकडे बघतेयस."

हंगेरियन बाई हसली. "अगं, ते तुर्क नव्हतेच. म्हणजे गोष्टीत तुर्कच. पण सिनेमा निघाला तेव्हा आमच्या देशात रशियन फौज होती. तिला पडद्यावर असं दाखवायची सोय नव्हती. मुखवटेवाले खरं कोणाला पळवून लावतायत, ते आम्हा पोरांनासुद्धा कळायचं."

आता मात्र तुर्की मैत्रीण खरोखर दुखावली. "म्हणजे आम्ही नुसता ड्रेस? पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलं आम्ही तुमच्यावर! राग काढायचा तर नीट आमच्यावर काढा की!"

यावर दोघी हसत सुटल्या. यात हसण्यासारखं काय, ते मला कळेना. सांत्वन करायला निघालेली मीच मध्ये बसून राहिले.

"तुमच्या सिनेमांत कोण असतं?" हंगेरियन बाईने विचारलं.

"इंग्रज," मी म्हणाले. मग "मुघल" म्हणाले. पडद्यावर दिसले ते तेच होते, की त्यांच्या कपड्यांत दुसरंच कोणी होतं, हे मी आजवर कोणाला विचारलंच नव्हतं.

जिना उतरताना लेकीने विचारलं, "सो हू वॉज द बॅड गाय?"

"खलास, आता नको," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात घरी आमच्याकडचा एक जुना ऐतिहासिक सिनेमा लावला. मी शिपायांच्या पागोट्यांकडे आणि अंगरख्यांकडेच बघत बसले. कोणी कोणाला मारलं ते हुकलं, आणि लेकीला सिनेमा मागे न्यायला सांगावा लागला.