मनकर्णाबाईचं शून्य

पुसेगावात मनकर्णाबाईशी भांडण झालं नाही असं एक घर दाखवा. मी तर तिचा शेजारी, माझ्या वाट्याला दोन जास्तच आली. नवरा गेल्यापासून एका म्हशीच्या दुधावर ती घर चालवते आणि कुणाचं मिंधेपण घेत नाही. बाई तिखट, पण दुधात पाणी नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी औंढ्याची उमैमा कॉलेजच्या अभ्यासासाठी घरोघरी फिरत होती. प्रश्न एकच. गावावर संकट आलं तर सगळे मिळून ते निभावतील, यावर तुमचा भरवसा किती? शून्य ते दहा, आकडा सांगा. गंमत म्हणजे जो तो म्हणे, ‘मी तर जाईन हो, बाकीच्यांचं सांगता येत न्हाई,’ आणि तीन नाहीतर चार सांगून मोकळा होई. मीही चारच सांगितले. मनकर्णाबाई म्हणाली, “शून्य लिही. आन् चहा पिऊन जा.”

त्याच दुपारी तिची म्हैस शेतातल्या पडक्या विहिरीत घसरली. बस पकडायला निघालेली उमैमा त्या वाटेने गेली, तर बाई काठावर एकटीच बसून दोन लुगड्यांना गाठ मारत होती. खाली म्हैस छातीभर चिखलात.

“मावशी, हाक मारा की कुणाला.”

“कोण येतंय? तुला सांगितलं न्हाई का सकाळी?”

पोरगी वाद घालत बसली नाही. पळत गुलाम नबी सुताराकडे गेली. त्याने मशिदीच्या भोंग्यावरून गावाला सांगितलं.

मी पोचलो तेव्हा बांधाशेजारचे व्यंकटराव फावडं घेऊन आधीच चिखलात उतरले होते. कुणी नाडे, म्हणजे जाड दोर, आणले, कुणी बायकोसकट आलं. ढासळलेल्या बाजूने माती ओढून उतार केला, म्हशीच्या पोटाखालून नाडे घातले आणि सगळ्यांनी मिळून ओढलं. दिवस कलता कलता म्हैस वर आली. थरथरत होती, पण चारही पायांवर उभी राहिली. मला फार बरं वाटलं, आणि सकाळी सांगितलेल्या चार आकड्याची लाजही वाटली.

गुलाम नबीचे तळहात सोलले होते. तो म्हणाला, “मनकर्णाबाई, माझं घर इथून दिसतंय. एक हाक ऐकू आली असती. काहून न्हाई मारली?”

बाई म्हशीच्या अंगावरचा चिखल पुसत राहिली. आम्हाला वाटलं, आता फटकारेल.

“भेव वाटलं,” ती हळूच म्हणाली. “म्हैस मेली असती तर एकदा रडून मोकळी झाले असते, भाऊ. पण हाक मारून कुणीच आलं नसतं, तर मंग ह्या गावात राहिले कशी असते?”