कुलपाआडचे आवाज

उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या खोलीचा पत्रा तापू लागला की आधी एखादाच 'टक्' असा आवाज यायचा, मग दुसरा, मग साऱ्या छतभर ती टकटक पसरत जायची आणि तापलेल्या लोखंडाचा, गंजाचा, दोरीवर वाळणाऱ्या गणवेशाच्या साबणाचा असा एक मिश्र, जड वास खाली उतरून आमच्या अंगावर बसायचा… थेरगावातल्या त्या एका खोलीत मी आणि ताई दुपारभर असायचो, बाहेरून कुलूप लावलेल्या.

कुलूप आई लावायची. आम्ही उदगीरकडचे, बाबा चाकणच्या एका कंपनीत होते आणि आई डांगे चौकाजवळच्या एका वर्कशॉपात रबरी वायसरांच्या कडा छाटायला जायची. आमची शाळा सकाळची. आल्यावर ती आम्हाला जेवू घालायची, तांब्याभर पाणी झाकून ठेवायची आणि उंबरठ्याबाहेर पाय टाकता टाकता म्हणायची, "कुणी हाक मारली तरी ओ देऊ नका, माय." अनोळखी गल्लीत दोन पोरी मोकळ्या सोडायच्या तरी कुणाच्या भरवशावर, या भयानं तिला ग्रासलं होतं. खोलीला खिडकी होती, पण ती पार छताला टेकलेली. तिच्या जाळीतून दिसायचा तो फक्त पांढुरक्या आभाळाचा एक तुकडा.

मी आठ वर्षांची, ताई अकराची. बंद दाराकडे पाहिलं की मला रडू फुटायचं. ताईनं त्यावर तोड काढली. "डोळे मीट आणि गल्ली बघ," ती म्हणायची. मग शहाबादी फरशीच्या गारव्याला गाल लावून आम्ही पडून राहायचो… पाण्याचा टँकर आला की घागरी एकमेकींवर आपटायच्या. भंगारवाल्याची लांबट हाक वळणापाशी विरायची. दूर हमरस्त्यावर ट्रकांची अखंड घरघर. आणि या साऱ्यावर मात करणारं, मागच्या भिंतीपलीकडच्या वर्कशॉपातलं प्रेस मशीन — थड… थड… थड. त्या प्रत्येक घावासरशी भिंत शहारायची, मांडणीतली पातेली किणकिणायची. ताईनं ते मशीनही नीट ऐकलं होतं. "थड झालं की तो माणूस नवा पत्रा ठेवतो," ती सांगायची, "तेवढ्या वेळात ऐक… चिमण्या आहेत." आणि खरंच असायच्या.

पण ऐकल्यानं खोली काही मोठी होत नसे. उलट जग किती जवळ आहे आणि आपण किती आत, हेच अधिक स्पष्ट होत जाई.

अशाच एका दुपारी मला जळका वास आला. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगारातल्या प्लॅस्टिकचा ढीग होता, तो पेटला होता. पाहता पाहता जाळीतून काळा, चिकट धूर आत उतरू लागला. आम्ही दार बडवलं, पातेली आपटली, घसा फुटेस्तोवर ओरडलो. भर उन्हाची वेळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि मागच्या वर्कशॉपात आमचा सारा आकांत त्या यंत्राखाली चिरडून जात होता. तेवढ्यात ताईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"ओरडू नकोस. थांब. थड झालं की ओरडायचं."

मागच्या भिंतीला तोंड लावून आम्ही उभ्या राहिलो. थड… "काका!" थड… "काका!" ओरडणं सोपं होतं, मधलं ते थांबणं मात्र असह्य होतं — नाकातोंडात धूर, छातीत प्राण कोंडलेला, आणि तरीही मुकाट्यानं त्या पुढच्या घावाची वाट पाहायची…

आणि मग एकदा पुढचा थड आलाच नाही. भिंतीपलीकडून कुणाचा तरी आवाज आला, "आरं, थांब जरा. आत पोरी हायेत का काय?"

ऑइलनं काळे झालेल्या हातांचा एक माणूस धावत वळसा घालून आला. त्यानं पहारीनं कोयंडा उचकटला आणि आम्हा दोघींना उचलून बाहेर आणलं. "कुणी कोंडलं गं तुमाला?" त्यानं विचारलं. आम्ही दोघी नुसत्या खोकत राहिलो.

लोकांनी टँकरच्या पाण्यानं आग विझवली. आई धावतपळत आली. ती रडली नाही, रागावली नाही, नुसती आमच्या केसांत तोंड खुपसून तो धुराचा वास घेत राहिली. रात्री बाबा तिला म्हणाले, "चार दिवस जाऊ दे, मग जा कामावर." ती म्हणाली, "नाही जात आता मी."

ती पुन्हा गेली नाही. दार उघडं राहू लागलं, पण उंबरठ्यात आई बसलेली असायची — तांदूळ निवडत, गल्लीवर नजर रोखून — आणि तिला ओलांडून जायची मुभा आम्हाला नव्हती. आधी आम्ही दोघी आत होतो. आता तिघी झालो.

ताई पुढे ध्वनिमुद्रणाचं शिकली. ती आता ठिकठिकाणचे आवाज टिपते, संगणकावर ते ताणते, एकमेकांत विणते आणि उघड्यावर ऐकवते. मागच्या हिवाळ्यात ताथवड्याच्या एका कॉलेजच्या आवारात तिचा कार्यक्रम होता. कडुनिंबांच्या फांद्यांना स्पीकर टांगलेले, खाली सतरंज्या, कलत्या उन्हात बसलेली माणसं. चारी बाजूंनी आवाज येऊ लागले — चिंचवड स्टेशनात शिरणारी लोकल, टँकरचं पाणी, कुठल्याशा प्रेस मशीनचा लांबवलेला, घंटेसारखा घुमणारा घाव… डोक्यावर केवढं मोकळं आभाळ होतं, आणि तरी झाडांमधून बाहेर जायची वाट मी शोधू लागले. शेजारी बसलेली आई माझ्या कानाशी कुजबुजली, "गाणं कधी सुरू होणार?"

"हेच गाणं आहे, आई."

मग ती मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली. माणसं पांगल्यावर ताई तिच्याजवळ येऊन बसली. "कसं वाटलं?"

आईनं सतरंजीवर पडलेला कडुनिंबाचा पाला झटकला. मग म्हणाली, "चांगलं हाय की. गाड्या हायेत, मशिनी हायेत… कामावरनं सुट्टी झाली की आमी बाया घोळक्यानं घरी यायचो बघ. चौकापासनं गल्लीच्या तोंडापर्यंत नुसतं हसणं. पोट दुखायचं हसून. ते काही आलं नाही यात."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मलाही ते हसणं आठवत नव्हतं. ते रोज संध्याकाळी आमच्या गल्लीपर्यंत येत असणार…

"कोण कोण होत्या गं?" ताईनं विचारलं.

"शांता होती. रुक्मिण होती. आणि एक कोकणातली होती, ती सगळ्यात जास्त हसवायची… तिचं नाव…"

आई थांबली. कॉलेजची मुलं झाडांवरून स्पीकर उतरवत होती, वायरी गुंडाळत होती. आम्ही गाडीत बसलो, तरी तिचे ओठ हलत होते. घर आलं तोवर तिला ते नाव आठवलं नव्हतं.