गॉलवेची आते

"आधी खाऊन घे. मग रड."

ती मला म्हणालेलं पहिलं वाक्य हे. २०२० चा जानेवारी होता. पुण्याहून आयर्लंडमधल्या गॉलवेला येऊन मला तीनच दिवस झाले होते आणि भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात बसून मी रडत होते. कारण सांगायची आजही लाज वाटते. आईने बॅगेत गुंडाळून दिलेल्या कुकरची शिट्टी घरीच राहिली होती. हॉस्पिटलचा निळा गणवेश घातलेली एक बुटकीशी बाई आत आली. तिने माझ्याकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं आणि काही न विचारता भाताचं ताट माझ्यापुढे ठेवलं. भातावर तळलेलं अंडं होतं. मग ओठांचा चंबू करून तो ड्रॉवरच्या दिशेने वळवला. चमचे तिथे आहेत, असा त्याचा अर्थ. ती बोटाने कधी काही दाखवायची नाही. मीठ, बस, आभाळ, नको असलेला माणूस, सगळं ओठांनीच दाखवायची.

मी जेवले. रडायचं राहूनच गेलं.

त्या घरात आम्ही तिघी राहत होतो. मी मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत नवी लागलेली इंजिनिअर. वरच्या लहान खोलीत युनिव्हर्सिटीत शिकणारी नाशिकची केतकी. आणि ही. फिलिपिन्सची नर्स, वय अडतीस, दोन मुलींची आई. मुली तिकडे, ही इकडे.

सुरुवातीला मी तिला नावाने हाक मारायचे. एकदा टेबलावरच्या फोनमधून एक बारीक आवाज मला इंग्रजीत म्हणाला, "नावाने नाही, आते म्हणायचं. मोठ्या बहिणीला आते म्हणतात." ती तिची बारा वर्षांची थोरली. मला हसू आवरेना. आमच्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण, हे मी सांगितलं तर मायलेकी दोघीही खूश. पण चिंचवडला फोनवर गोंधळ उडाला. "आतेने आज मासे केले होते," असं मी म्हटल्यावर आई बुचकळ्यात पडली. "तिथे कुठली आते? तुझ्या बाबांना एकच बहीण, ती साताऱ्याला. आणि तिच्या घरात मासे?"

तो फोन मात्र तुम्हाला नीट सांगायला हवा. आपण घरच्यांना फोन करतो, ख्यालीखुशाली विचारतो, ठेवतो. आते फोन ठेवायचीच नाही. ड्युटीवर नसली की व्हिडिओ कॉल लावून फोन चहाच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि आपल्या कामाला लागायची. तिकडे मुली त्यांच्या कामाला. एकमेकींशी बोलायच्याच असं नाही. इकडे ही कांदा चिरतेय, तिकडे थोरली भांडी घासतेय, धाकटी जमिनीवर पालथी पडून रंग भरतेय. मधेच ही मान वर न करता म्हणायची, "नळ बंद कर." आणि सात हजार मैलांवरचा नळ बंद व्हायचा.

दोन्ही घरं अशी एकाच ओट्यावर नांदायची. सकाळी पोहे परतताना मला तिकडचा कोंबडा ऐकू यायचा, पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा, रिक्षासारख्या त्यांच्या गाड्यांची फटफट ऐकू यायची. एकदा केतकी डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात आली आणि फोनमधून एक म्हातारी तिला काहीतरी ठणकावून बोलली. केतकी किंचाळलीच. ती आतेची आई होती. ओल्या केसांनी फिरू नकोस, सर्दी होईल, असं सांगत होती.

तिचं शहर मनिलापासून दीड-दोन तासांवर. ती सांगायची तेव्हा मला आमचं वाकड-हिंजवडीच आठवायचं. घरामागचं भाताचं शेत गेलं, तिथे बंगल्यांची कॉलनी आली. कॉलनीमागून मॉल, मॉलमागून रात्रभर दिवे जळणारी कॉल सेंटरं. रस्ते मात्र तेवढेच राहिले. तिथल्या हॉस्पिटलात असताना ती पहाटे चारला घर सोडायची आणि दोन गाड्या बदलून कामावर पोहोचायची. परत येईपर्यंत मुली झोपलेल्या. धाकटी तिला कित्येक दिवस फक्त झोपेत भेटली होती.

"इथे मी चालत जाते," ती म्हणायची. "वीस मिनिटं. आणि मुलींना जागेपणी बघते. फोनवर का होईना. ग्रँड आहे."

हा 'ग्रँड', म्हणजे 'ठीक आहे', तिने इथे उचललेला. गॉलवेत सगळंच ग्रँड असतं. पाऊस, पाय मुरगळणं, सासू. तिच्या तोंडी मात्र तो फार वेगळा लागायचा. बारा तास उभं राहून आली, डोळे सुजलेले, तरी कशी आहेस विचारलं की, "ग्रँड."

नवरा आणि मुली मे महिन्यात इकडे यायचे होते. कागदपत्रं देऊन झाली होती. तिने भिंतीवर कॅलेंडर लावून त्यावर एक गोल केला होता. मार्चमध्ये सगळं थांबलं. व्हिसा थांबले, विमानं थांबली. तिने ते कॅलेंडर काढून गुंडाळून वर प्रेसमध्ये ठेवून दिलं. प्रेस म्हणजे इथे कपाट. दुसऱ्याच आठवड्यात तिची ड्युटी कोविडच्या वॉर्डात लागली.

आता जे सांगते ते मला सांगावंसं वाटत नाही, पण ते गाळलं तर ही बाई तुम्हाला अर्धीच दिसेल.

एका संध्याकाळी केतकी आणि मी टेबलाशी बसलो होतो. आते बेसिनपाशी पाठमोरी भांडी धूत होती. केतकी मराठीत म्हणाली, "ही रोज तिथून येते आणि आपण एकच फ्रिज वापरतो. तिला काही दिवस दुसरीकडे राहायला सांगू या का? तू सांग, तुझं ऐकेल ती."

मी नाही म्हटलं नाही. हेच ते. मलाही भीती वाटत होती, आणि माझ्याऐवजी केतकी बोलली म्हणून मनातून बरंच वाटलं होतं. मी म्हटलं, "बघू."

आतेने नळ बंद केला, हात पुसले आणि वळली.

"उद्यापासून मी मागच्या दाराने येईन," ती म्हणाली. "कपडे शेडमध्ये बदलेन. फ्रिजचा खालचा कप्पा माझा. स्वयंपाकघरात मी तुमच्यानंतर येईन, आणि जाताना सगळं पुसून ठेवेन."

केतकीने चाचरत विचारलं, "तुला मराठी कळतं?"

"एक शब्द नाही," आते म्हणाली. "पण माझी सासूसुद्धा याच आवाजात बोलते." आणि हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही लहान आहात. तुमच्या आयांना तिकडे किती काळजी असेल. माझ्या मुली इथे असत्या तर मीही हेच म्हटलं असतं."

मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर दोन महिने ती मागच्या अंगणातल्या लाकडी शेडमध्ये कपडे बदलायची. तिथे गवत कापायचं मशीन आणि घरमालकाच्या सायकली. गॉलवेचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. त्या पावसात टॉवेल डोक्यावर धरून, चपला फटफटवत ती अंगण ओलांडायची आणि मी खिडकीतून बघायचे. आठवडाभर नुसतं बघितलं. मग एक दिवस तिच्या यायच्या वेळेला शेडच्या दाराशी छत्री आणि गरम पाण्याची पिशवी ठेवून आले. तिने पिशवी पोटाशी धरली आणि खिडकीकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. फिलिपिन्समध्ये त्याचा अर्थ 'हो' असा होतो, हे मला थोरलीने नंतर सांगितलं. केतकी मे महिन्यात मैत्रिणींकडे डब्लिनला राहायला गेली. घरात आम्ही दोघीच उरलो आणि मीच तिला म्हटलं, "आते, पुढच्या दाराने ये गं."

ऑक्टोबरची सकाळ. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले होते. आते रात्रपाळी करून आली, अजून कोटही काढला नव्हता, तोच फोन वाजला. थोरली होती. तिकडे दुपार, पण पडद्यावर अंधार. मोठा पाऊस होता, वीज गेली होती. धाकटीला दमा आहे. तिच्या श्वासाची शिट्टी मला टेबलाच्या या टोकाला ऐकू येत होती. वाफेचं मशीन विजेशिवाय चालेना, वडील कारखान्यात, त्यांचा फोन लॉकरमध्ये. मागे आजी मोठ्याने रडत होती.

आते खुर्चीवर बसली. तिने आधी आईला शेजारच्या गाडीवाल्याला बोलवायला पाठवलं. आजी बाहेर गेली आणि रडण्याचा आवाज थांबला. मग आते थोरलीला इंग्रजीत म्हणाली, "आता आपण दोघीच." घाईच्या वेळी ती इंग्रजीत बोलायची. वॉर्डाची सवय असावी. "हिचा शर्ट वर कर. फोन जवळ ने." तिने पोरीच्या बरगड्या पाहिल्या. "बरं. पाण्याची प्लास्टिकची बाटली घे. रिकामी कर. कात्री आण."

बारा वर्षांच्या मुलीने चालू फोनच्या उजेडात बाटलीच्या बुडाला भोक पाडलं. कात्री दोनदा घसरली. "सावकाश," आते म्हणाली, "तुझं छान चाललंय." भोकात दम्याचा पंप बसवला, बाटलीचं तोंड धाकटीच्या ओठांत दिलं. "एकदा दाब. आता श्वास मी मोजते."

आणि ती तिच्या भाषेत मोजायला लागली. इसा, दलवा, तत्लो, आपात, लिमा. पाच झाले की पुन्हा दाब. पुन्हा इसा, दलवा. आवाज असा, की झोपवायला गोष्ट सांगतेय.

मी तिच्या समोर बसले होते म्हणून मला जे दिसलं ते मुलींना दिसलं नाही. दर पाचानंतर ती फोन म्यूट करायची, तोंड वळवून हापसल्यासारखा एक मोठा श्वास घ्यायची, बुडणारं माणूस पाण्याबाहेर आल्यावर घेतं तसा. मग म्यूट काढायची आणि पुन्हा त्याच मऊ आवाजात, इसा. आठ वेळा. माझ्या मीटिंगमध्ये कोणीतरी माझं नाव घेत होतं. मी लॅपटॉप मिटला.

शिट्टी हळूहळू बारीक झाली. गाडीवाला आला. थोरलीने चालू फोन खिशात टाकला, धाकटीला उचललं, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत आते त्या खिशातला पाऊस आणि फटफट ऐकत बसली. डॉक्टरचा आवाज आला, ऑक्सिजन लावल्याचं कळलं, धाकटी काहीतरी कुरकुरली, तेव्हा तिने कोट काढला.

मी मुगाची खिचडी गरम करून तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "आधी खाऊन घे."

तिने माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि सगळी खिचडी संपवली. ताट धुऊन जागेवर ठेवलं. मग बेसिनची कड धरून ती रडली. मी इतकं रडताना कोणाला पाहिलेलं नाही. नंतर ती झोपायला गेली, आणि संध्याकाळी पुन्हा गणवेश घालून खाली आली.

"आज तरी सुट्टी घे," मी म्हटलं.

"माझ्याकडे सहा पेशंट आहेत. त्यांना भेटायलाही कोणाला येऊ देत नाहीत," ती बूट घालत म्हणाली. "माझी पोरगी आता ग्रँड आहे."

तुम्हीही कष्टाळू माणसं पाहिली असतील. मीही पाहिली होती, माझी आई त्यातलीच. पण त्या दिवशी दार ओढून ती गेली तेव्हा मी पायरीवर बसून राहिले आणि तिची पाठ रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. हे एका माणसात मावतं कसं, हे मला कळेना. अजूनही कळलेलं नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात व्हिसा आले. तिने शहराबाहेर एक छोटं घर भाड्याने घेतलं आणि आमच्या घरातली खोली रिकामी केली. आजीने तिकडेच राहायचं ठरवलं. नवरा आणि मुली विमानाने डब्लिनला उतरले, पण तेव्हाचा नियम असा, की चौदा दिवस विमानतळाजवळच्या हॉटेलात बंद राहायचं. कोणाला भेटायचं नाही.

"मला नुसतं बघायचंय," ती म्हणाली. मी तेव्हा जुनी गाडी घेतली होती. रविवारी तिला घेऊन गेले. अडीच तास ती पुढच्या सीटवर ताठ बसली होती.

हॉटेलच्या पार्किंगच्या कुंपणाबाहेर आम्ही उभ्या राहिलो. वारा सुटला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत तिघं आले. खिडकी उघडत नव्हती. तिने फोन लावला. जवळपास दोन वर्षांनी सगळे एका देशात होते आणि बोलणं अजून फोनवरच. धाकटी काचेवर तळवे आपटत होती. मला वाटलं, ही आता कोसळणार.

पण ती म्हणाली, "बाबांच्या शेजारी उभ्या राहा. पाठ सरळ. टाचा खाली."

मुली नवऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. आते डोळे बारीक करून बघत होती. फोनच्या चौकटीत कोणाची उंची कळत नाही, ती मला हळूच म्हणाली, पण नवऱ्याची उंची तिला पाठ होती. धाकटी त्याच्या कमरेच्या वर आली होती. आतेने आपल्या छातीपाशी तळहात आडवा धरला. "एवढी," ती म्हणाली.

मग थोरलीकडे पाहिलं. थोरलीचं डोकं वडिलांच्या कानाला लागत होतं. आतेने हात खांद्यापाशी नेला, पुन्हा वर पाहिलं, हात कानापाशी नेला, पुन्हा वर पाहिलं. मग हात सावकाश स्वतःच्या डोक्याच्याही वर गेला, आणि तो तसाच आडवा धरून ती वाऱ्यात उभी राहिली.