समितीसाठी उघडलेला स्टुडिओ

कॉलेजात मूल्यांकन समिती येऊन गेली की कॅन्टीनमध्ये पुढे कित्येक महिने तिच्याच गोष्टी चालतात. कोणी एक सांगतं, लगेच दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही." मी इथे नवीन. परदेशात पत्रकारिता शिकून मुलुंडला घरी परतलेली, त्यामुळे माझ्याकडे एकाच समितीचे किस्से आहेत. तेवढे पुरेत. सांगताना मीही हसते. हसून झाल्यावर मान वर करायला मात्र थोडा वेळ लागतो.

आमचा पत्रकारिता विभाग म्हणजे घाटकोपरच्या एका कॉलेजचा चौथा मजला, विभागप्रमुख सामंत सर, मी आणि पत्रकार व्हायचंय म्हणून आलेली मुलं. श्रेणी घसरली तर पुढच्या वर्षी प्रवेश बंद होतील, ही भीती खरी होती. बाकी बरंच काही खरं नव्हतं.

*

मुलांनी दर महिन्याला स्वतःचं वर्तमानपत्र काढायचं, असा नियम. गेली दोन वर्षं एकही निघालं नव्हतं. मग समितीला दाखवायला म्हणून मुलं जुन्या तारखा टाकून बातम्या लिहायला बसली. पावसाचा अंदाज बरोबर, निवडणुकीचा बरोबर, मॅच कोण जिंकणार तेही बरोबर.

सामंत सरांनी अंक चाळले आणि चष्मा काढला. "अरे, दोन-चार अंदाज चुकवा. इतका बरोबर पेपर कोणी पाहिलाय का?"

मुलांनी अंदाज चुकवले. मी शुद्धलेखन तपासलं.

*

त्या गठ्ठ्यात एकच अंक ताजा, आजच्या तारखेचा निघणार होता. त्यासाठी सायली गावडे या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने बातमी आणली. आमच्या मजल्यावर एका दारावर 'स्टुडिओ' अशी पाटी आहे. दाराला कायम कुलूप. सायलीने शिपायाला पटवून आत डोकावून घेतलं, तर आत मोडक्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर. मग तिने मागच्या बॅचच्या मुलांना गाठून विचारलं. कॅमेरा कोणी कधी पाहिलाच नव्हता.

बातमी चोख होती. मी तिला म्हटलं, "पहिल्या पानावर घेऊ." पहिल्याच तासाला मी वर्गात सांगितलं होतं की बातमी गैरसोयीची आहे म्हणून काढायची नसते.

सामंत सरांनी ती वाचली. "चांगली आहे गं. म्हणूनच नको."

"सर, खरी आहे."

"खरीच आहे. कोर्स बंद पडला तर पुढची सायली कुठे शिकणार, ते सांग."

सायलीला 'नाही' सांगायला मीच गेले. म्हटलं, "समिती गेली की नक्की छापू."

ती म्हणाली, "पण मॅम, समितीसाठी स्टुडिओ उघडणारच ना? मग बातमी काय राहिली?"

*

कॉरिडॉर हिरवा दिसावा म्हणून आरेजवळच्या एका नर्सरीतून कुंड्या भाड्याने आणल्या. माळीदादा एकेक उतरवत म्हणाले, "या शेवंत्या जपून हां. मागच्या महिन्यात मुलुंडच्या कॉलेजात होत्या. त्यांना चांगली ग्रेड लागली."

सामंत सर म्हणाले, "मग दारासमोर याच ठेवा."

*

समितीला माजी विद्यार्थी भेटवावे लागतात. पत्रकारितेत टिकलेला एकही जण फोन उचलेना. शेवटी आम्ही रोहनला आणलं. तो अंधेरीच्या कॉल सेंटरमध्ये क्रेडिट कार्ड विकतो. त्याला बजावलं होतं, खोटं बोलू नकोस, पण सगळंच सांगू नकोस.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "काय काम करता?"

"लोकांना फोन करून प्रश्न विचारतो, सर."

"वा. लोक बोलतात?"

"बहुतेक जण फोन ठेवतात."

"असू दे. आपल्या धंद्यात चिकाटी लागतेच."

रोहनने माझ्याकडे पाहिलं. मी शेवंतीकडे पाहिलं.

*

स्टुडिओतला कॅमेरा भांडुपच्या पेडणेकरांचा. ते लग्नाचं शूटिंग करतात. त्या दिवशी ते 'तांत्रिक सहायक' म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. मखर जिन्याखाली गेलं होतं, खुर्च्या गच्चीवर.

समितीतल्या एका बाईंनी कौतुकाने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. छोट्या पडद्यावर पाच बायका एका मुलीला हळद लावत होत्या.

सामंत सर शांतपणे म्हणाले, "सांस्कृतिक वार्तांकन."

बाईंनी ते लिहून घेतलं.

*

त्यानंतर अध्यक्ष म्हणाले, "एखादी बातमी वाचून दाखवा ना कोणीतरी."

त्याची तयारी होती; नजर खाली न जाऊ देता कॅमेऱ्यात बघून वाचायचं, हे मीच शिकवलं होतं. वर्गात सगळ्यात चांगला आवाज सायलीचा, म्हणून तिलाच बसवलेलं. समोर सामंत सरांनी लिहिलेला कागद: 'विभागाच्या सुसज्ज स्टुडिओत विद्यार्थ्यांना रोज सराव मिळतो.'

सायली कॅमेऱ्यासमोर बसली. पेडणेकरांनी अंगठा वर केला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिची स्वतःची बातमी तिला तोंडपाठ होती, हे मला माहीत होतं. इतकी माणसं, इतके कान, ते दार उघडं. मी मनात म्हणत होते, वाच गं, तुझीच वाच.

तिने समोरचा कागद वाचला. एकही शब्द अडखळला नाही. 'रोज' या शब्दावर तर ती छान हसली.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. सामंत सरांनी डोळे मिटून श्वास सोडला. पेडणेकर मला हळूच म्हणाले, "झकास वाचलान हो. आमच्या नवऱ्या पण कॅमेऱ्यात इतक्या सरळ बघत नाय."

सायली उठली, माइक काढून ठेवला आणि सरळ माझ्याकडे आली.

"मॅम, तुम्ही शिकवलं तसंच केलं. नजर कुठे खाली गेली नाही ना?"